सर्वांची बाग, चारही बाजूंनी बंद

चहा ठेवलाय ना? मग बसा आणि ऐका. आधीच सांगून टाकते, या सगळ्या प्रकरणात मूर्ख माणूस एकच आहे आणि तो शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही.

मी बंगळुरूला पर्यावरण शिकून गावी परतले, तेव्हा 'स्थानिक लँडस्केपर' म्हणजे कसा माणूस असेल याचं माझ्या डोक्यात पक्कं चित्र होतं. हातात नकाशाची गुंडाळी, गळ्यात मोजपट्टी. मातीची चिमूट उचलून नाकाशी नेणार, डोळे मिटणार आणि काहीतरी खोल बोलणार.

प्रत्यक्षात आले ते रेखलालभाऊ. कमरेला कोयता, खांद्यावर दुपट्टा, सायकलच्या कॅरियरला सुतळीचं बंडल. चिमूट त्यांनीही उचलली, पण ती सुपारी-तंबाखूच्या खर्‍र्‍याची होती.

आमचं गाव कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आठ-नऊ किलोमीटर आत. घरामागे बाबांची अर्धा एकर जागा पडून होती. बाबा म्हणजे प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर, अख्ख्या गावाचे गुरुजी. त्या जागेत मला बाग करायची होती. साधीसुधी नव्हे हं! देशी झाडं, पाखरांना पाणी, मुलांना वाचायला ओटा. नाव 'सर्वांची बाग'. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, ती गावाला खुली करायची हे मी गावी येतानाच बसमध्ये ठरवून टाकलं होतं. बाग नव्हती, पण पाटी तयार होती. चार फुटी प्लायवूड, हिरवी अक्षरं.

"भाऊ, आधी नकाशा काढू या," मी म्हटलं.

"कायले? जागा तं इथंच हाय."

त्यांनी पावलांनी जागा मोजली. मी टेपने मोजली. दोन्हींत दीड फुटाचा फरक आला. पुन्हा मोजलं. दीड फूट माझा चुकला होता.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवला नाही.

"म्याडम, कुंपन कोनाले रोकासाठी? बकरीसाठी, ढोरासाठी का मानसासाठी? तसं बांधा लागते."

आता सरळ उत्तर द्यायला काय हरकत होती? पण छे! चार वर्षं बंगळुरूला राहून मी सरळ उत्तरं द्यायची थोडीच शिकले होते?

"भाऊ," मी म्हटलं, "कुंपण कोणाला रोखण्यासाठी नसतं. कुंपण म्हणजे माणूस आणि निसर्ग यांच्यातल्या संवादाची रेषा."

रेखलालभाऊंनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर केला.

"म्हंजे बकरीसाठी," भाऊ म्हणाले आणि कामाला लागले.

पण लोकसहभागाशिवाय बाग? शांतं पापं! मी विहारात सभा घेतली. भिंतीवर मोठा कागद चिकटवला, सर्वांना रंगीत पेन दिले. 'तुम्हाला बागेत काय हवं?' लोक आले, सतरंजीवर बसले, चहा प्यायले, "चांगलं हाय, चांगलं हाय" म्हणाले. फक्त सायत्रामावशी बोलली. ही आमच्याच गल्लीतली, एकटी राहणारी म्हातारी. दर दिवाळीला माझ्या वसतिगृहात मोहफुलांचे लाडू पाठवायची. मैत्रिणींना मी ते 'आमच्या भागातला आदिम आहार' म्हणून वाटायचे.

"मोहाखालचं साफ ठेवजो, बाई. मले बाकी काही नाई पायजे."

मी कागदावर ठळक लिहिलं: 'महिलांमध्ये स्वच्छतेबाबत जागरूकता'. त्याखाली दोन रेघा ओढल्या.

कुंपण आठवड्याभरात उभं राहिलं. बांबूच्या उभ्या कामट्या, मध्ये बोरीच्या काट्या. बाहेरून निर्गुडीच्या काड्या लावायच्या मी सांगितल्या. भाऊ म्हणाले, "मिरगात लावू, आता वाळून जातीन." मी म्हटलं, निसर्गावर विश्वास ठेवा. निसर्गाने पाच दिवसांत त्या काड्यांचं सरपण केलं. असो.

बागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात जुना मोह आहे. फाल्गुनात पानं झाडून उघडा झालेला. त्याला मी स्वतः शास्त्रीय नावाची पाटी टांगली होती, हे ध्यानात असू द्या. त्या कोपऱ्यात जाऊन बघते तर काय? कुंपणाला हातभर रुंद भोक! आणि त्यावर सुतळीने अडकवलेली बांबूची ताटी.

"भाऊ, हे काय?"

"ताटी."

"ते दिसतंय. पण फाटक तर रस्त्याच्या बाजूला केलंय ना आपण?"

"थे फाटक लोकाईले दाखवाले. हे वाट होय."

"अहो पण इथून बकऱ्या येतील!"

"बकरीले सुतळी सोडता येत नाई, म्याडम."

बघा, किती स्वच्छ उत्तर! पण माझ्या मनात पाल चुकचुकली. कामचुकारपणा! कामट्या कमी पडल्या, म्हणून भोक ठेवलं आणि वर मला तत्त्वज्ञान ऐकवतोय. मी स्वतःच्या हाताने बोरीच्या काट्या आणून ती ताटी बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्या बाजूला, व्यवस्थित रचलेल्या. ताटी उघडी.

मी पुन्हा बुजवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तर मला चेवच चढला. कोहमाऱ्याला जाऊन सूचना छापून आणली, प्लास्टिकमध्ये मढवली: 'येथून प्रवेश करण्यास सक्त मनाई आहे.' आणि त्या ताटीवर खिळ्याने ठोकली.

चौथ्या दिवशी ताटी उघडी, काट्या रचलेल्या, आणि सूचना गायब!

तुम्हीच सांगा, यात चोर, समाजकंटक, दारूचा अड्डा असलं काही दिसणार नाही का? मला सगळंच दिसलं. फक्त झाड दिसलं नाही.

पाचव्या दिवशी तर कहर झाला. मोहाखाली दहा-बारा पावलांचं काळं वर्तुळ! सगळा पालापाचोळा जळालेला. माझी जैवविविधता राख झाली होती. मी तशीच धावत रेखलालभाऊंकडे गेले. ते पाणी शेंदत होते.

"भाऊ, तुम्ही बिडी ओढली ना तिथे?"

"मी बिडी ओढत नाई. खर्रा खातो."

"मग हे जळलं कसं?"

"जळलं नाई, म्याडम. जाळलं हाय. मीच जाळलं, काल सांजेले."

आणि वर कबूल करतोय! मग मी काय बोलले ते सगळं सांगत नाही. वणवे, कर्बवायू, पाखरांची घरटी, आणि शेवटी, हे बोलताना आजही कान लाल होतात, "तुमच्यासारख्या माणसांमुळेच आपला भाग मागे आहे!"

रेखलालभाऊंनी पोहरा खाली ठेवला. कोयता कमरेला खोचला.

"तुमचं चालू द्या, म्याडम," एवढंच म्हणाले आणि सायकल घेऊन निघून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. जयंती तोंडावर आली होती, ओटा अर्धा बांधून पडला होता, आणि गावात दुसरं कोणी यायला तयार नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "रेखलालले इचारा." आता रेखलाल आले नाहीत तर सर्वांच्या बागेत मी आणि वाळलेली निर्गुडी, एवढ्याच उरणार होतो.

"बाबा, तुम्ही तरी बोला त्यांच्याशी."

"तू त्याला विचार ना एकदा," बाबा पेपरमागून म्हणाले.

"मी काय विचारू? त्याने आग लावली!"

बाबांनी पान उलटलं.

सातव्या दिवशी मी ठरवलं, चोराला रंगेहाथ पकडायचं. नीट उजाडलंही नव्हतं. मी बाबांची बॅटरी आणि कॅमेरा घेऊन मोहाकडे निघाले. झाडाखाली कोणीतरी वाकलेलं. डोक्यावर पदर, हात भराभर चाललेले. मी बॅटरीचा झोत मारला आणि ओरडले. आणि काय ओरडले असेन मी? सर्वांच्या बागेची संस्थापिका मी!

"कोण आहे? ही आमची खासगी जागा आहे!"

आकृती सरळ झाली. कमरेवर हात ठेवला.

"काऊन ओरडून राहिली वो? पाखरं उडवते का?"

सायत्रामावशी. समोर टोपली, अर्धी भरलेली. वरून टप्पकन एक मोहफूल माझ्या डोक्यावर पडलं, मग दुसरं. राखेच्या स्वच्छ काळ्या गोलावर पिवळट फुलं सांडलेली होती, एकेक वेगळं दिसत होतं. पाला जाळून जमीन साफ केली नसती, तर ती दिसलीच नसती.

"मावशी, तुम्ही आत कशा आल्या?"

"ताटीतून. मंग काय वरून पडू, फुलासारखी?" मग तिने डावं पाऊल उचलून दाखवलं. टाचेला चिंधी बांधलेली होती. "रोज कोन मेला इथं काट्या टाकून राहिला? पाय चिरला ना माहा. गावला तं सोडत नाई मी त्याले."

तो 'मेला' तिच्यासमोर बॅटरी धरून उभा होता.

"आणि... इथे एक सूचना होती," मी पुटपुटले.

"हे?" तिने टोपलीत हात घातला आणि फुलांखालून माझी सक्त मनाई बाहेर काढली. "लय चांगला कागद हाय. फुलाले वल लागत नाई. अजून हायेत का?"

एव्हाना बाबा मागून आले होते. आणि सायकल धरून रेखलालभाऊसुद्धा. त्यांना बाबांनीच बोलावून आणलं होतं.

"म्याडम, मी पयल्याच दिवशी इचारलं होतं, कोनाले रोकाचं," भाऊ म्हणाले. "मानसाले रोकाचं असतं तं ताटी ठेवलीच नसती. अन् मोह फुलला का खाली जाळाच लागते. मले वाटलं, तुमाले ठाऊक हाय. पाटी तं तुमीच लावली झाडावर."

"हे झाड वीस-बावीस वर्षांपासून सायत्राबाईच वेचते," बाबा म्हणाले. "माझ्या आईनंच वेचायला सांगितलं होतं तिला. या फुलांवर तिचा पावसाळा निघतो."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू तर आल्यापासून सांगूनच राहिली." बाबा म्हणाले. "तुझा आजा विहिरीवर जायला तीन जणांच्या कुंपणाला वळसा घालायचा. मला वाटलं, वळसा म्हणजे काय असतो हे तुला तरी शिकवावं लागणार नाही."

यावर मी काही बोलले नाही. मी! बोलले नाही! रेखलालभाऊ नंतर गावभर सांगत होते म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, पोरगी लहानपणापासून बाहेर वसतिगृहात, मोह फुलतो तो परीक्षेच्या दिवसांत, तिला कुठून कळणार? खरं आहे. हीच सबब मीही तोंडाशी आणली होती. अडचण एकच झाली. माझ्या पदवीचा प्रबंध, ज्याला पहिला नंबर मिळाला, त्याचा विषय काय होता ठाऊक आहे? 'मोहफूल वेचणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे परंपरागत हक्क.' एकशे बारा पानं! सगळी ग्रंथालयात बसून लिहिलेली. मुखपृष्ठावर फुलांनी भरलेल्या टोपलीचा फोटो, बाबांनी पोस्टाने पाठवलेला. घरी येऊन मी तो पुन्हा काढून पाहिला. टोपली मघाचीच होती. मागचं खोड कोणत्या झाडाचं, ते आता मला विचारू नका.

त्या दिवशी मी कोणालाही काहीही समजावून सांगितलं नाही. सायत्रामावशीच्या टाचेला मलम लावायला गेले, तर तिने लाडू हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी ठरवून उठले. बागेचं उद्घाटन मोहाचा हंगाम संपेपर्यंत पुढे ढकललं. जयंतीला विहारात नुसती माझ्या हातची खीर, भाषण नाही. कोयता घेऊन गेले आणि ताटीपाशी उरलेल्या काट्या एकेक करून स्वतः काढल्या. दोन्ही हात सोलपटले. बोरीचा काटा कुठे लागतो ते प्रबंधात नव्हतं.

रेखलालभाऊ आले. मी ठोकाठोकी करून मोडलेल्या ताटीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्या हिरव्या पाटीकडे.

"हे फळी कामाची हाय," म्हणाले, आणि 'सर्वांची बाग' ताटी म्हणून त्या भोकाला सुतळीने बांधून टाकली. अक्षरं उलटी झाली. मी सांगणार होते. नाही सांगितलं.

"भाऊ, चुकलं माझं. आजपासून बागेचं सगळं तुम्ही आणि मावशीने ठरवायचं. मी फक्त पाणी घालीन. आणि अजून एक कुंपण बांधून द्या."

"पुन्हा? आता कोनाले रोकाचं हाय?"

यावेळी मी सरळ उत्तर दिलं. "मला."

रेखलालभाऊंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. दोन पावलं मागे गेले, अंदाज घेतला, शांतपणे खर्रा थुंकले.

"बांबू पुरनार नाई, म्याडम."