पिवळा लंगोट

फिनाइलचा वास आला की मला नागपुरातला तो मुलांचा वॉर्ड आठवतो. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा होता आणि मी तिथे नवी नर्स होते. उमरेडच्या एका विणकर बाईची दोन महिन्यांची मुलगी काविळीने पिवळीजर्द झाली होती, पण तिची शी मात्र खडूसारखी पांढरी. पित्ताची नळीच बंद होती, त्यामुळे शीला रंग देणारं पित्त आतड्यात उतरतच नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा लिव्हरला जोडला आणि आईला स्पष्ट सांगितलं, "शीला रंग आला तर लिव्हर टिकेल. नाही आला, तर दुसरं लिव्हर बसवायची सोय आपल्याकडे नाही." त्यानंतर आम्ही दोघी प्रत्येक लंगोट खिडकीच्या उजेडात धरून पाहायचो. सहा दिवस शी पांढरीच. सातव्या दुपारी ती ओरडली, "सिस्टर, पाहा ना, पिवळं दिसून राहिलं!" मी तो लंगोट घेऊन धावतच डॉक्टरांकडे गेले. एरवी कधी न हसणारा तो माणूस लंगोट तसाच हातात घेऊन वॉर्डभर सगळ्यांना दाखवत फिरला. "माही पोरगी वाचली न?" आईने माझा हात घट्ट धरून विचारलं. "वाचली," मी म्हटलं. ती पोरगी आज उमरेडच्या शाळेत गणित शिकवते, आणि तिचं लिव्हर अजून तेच आहे, जन्माचं.