जिन्यात बोललेलं आणि बोटभर उरलेलं नळकांडं

छे गं, ते खोड आधी. ‘दोघांचं पटत नाही’ असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, चहात साखर कमी पडली म्हणून रुसलेत. वैर आहे ते, वैरच लिही. माझे दोन जावई, एकमेकांचे साडू, पण एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. थोरले म्हणजे तुझ्या मोठ्या आत्याचे, बसवर कंडक्टर होते. धाकटे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवतात.

आणि वैर पेटलं तेही खिडकीवरूनच. कंडक्टरांच्या स्वयंपाकघरात धाकट्यांनी खिडकी बसवली, ती लावताना शेवटी शेवटी अडायची. झालं! कंडक्टर जिन्यात उभे राहिले आणि बसमध्ये ओरडायचे तसे ओरडले, ‘याला सरळ कापता येत नाही! कुणी याला काम देऊ नका!’ सगळ्या मजल्यांनी ऐकलं. त्या जिन्यातलं एकही काम पुन्हा धाकट्यांकडे गेलं नाही. तेव्हापासून धाकटी बहिणीकडे येते, पण नवरा खाली रस्त्यावर उभा.

कंडक्टर निवृत्त झाले आणि दुर्बीण घेऊन बसले. लांब पांढरं नळकांडं, पुढे काच, मागे आपला डोळा. थोरली म्हणते, ‘जन्मभर माणसांना पुढे सरका, पुढे सरका केलं, आता चंद्राला करतात.’ घरात कुणाशी सरळ बोलतील तर शपथ, पण ती काच पुसताना श्वास रोखून धरतात. तेवढा एकच जिव्हाळा त्यांना.

तर मागे डोळा लावतात ना, तिथे एक छोटी नळी आत-बाहेर सरकते. तिला फोकसर म्हणतात. ती नीट सरकवली की चित्र स्वच्छ होतं. जुना फोकसर खिळखिळा झाला होता. चकती फिरवली की मान टाकायचा, की चंद्र टुणकन बाजूला! म्हणून नवा आणला. चांगला जड, दोन चकत्यांचा, एक भरभर सरकवणारी, दुसरी मुंगीच्या पावलानं. बसवला, तर काहीच धड दिसेना. नवा जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे डोळ्याला लावायची काच गेली फार मागे. आता मोठं नळकांडंच मागून थोडं कापायला हवं, आणि तेही अगदी काटकोनात. कापलेलं काही पुन्हा जोडता येत नाही. आणि तसं कापणारी करवत कुणाकडे? सांगायला नकोच.

‘मी नेते,’ थोरली म्हणाली.

‘ने. पण माझं आहे म्हणून सांगू नकोस.’

‘मग काय सांगू? रस्त्यात सापडलं?’

कंडक्टरांनी माप घेतलं ते समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून. डोळ्याची काच हातात धरून पुढेमागे केली, टाकीवरची अक्षरं स्वच्छ दिसली, तेवढं मोजून नळकांड्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली. धाकट्यांनी कुणाचं ते ओळखलं, तरी रेघेवर कापून दिलं.

टाकी झकास दिसली! कंडक्टरांची छाती फुगली. संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं, दुर्बीण चंद्राकडे वळवली, तर चंद्र म्हणजे पिठाचा गोळा. चकती फिरवून फिरवून नळी आत ढकलली, पण आत जायला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची बाई डोळा लावून म्हणाली, ‘असा चंद्र मला चष्मा काढला की रोज दिसतो.’ जो तो हसत खाली.

सकाळी कंडक्टर तडक दुकानात. गिऱ्हाइकं उभी असताना ओरडले, ‘मुद्दाम वाकडं कापलंस! सूड उगवलास!’

धाकट्यांनी काटकोन बघायचा गुण्या घेतला आणि नळकांड्याच्या कडेला लावला. ‘बघा साडूभाऊ, फट दिसते का. चष्मा पुसून बघा.’

फट नव्हती.

मग त्यांनी कापून उरलेलं कडं समोर आपटलं. कडेला पेन्सिलीची रेघ तशीच. ‘ही रेघ कुणाची?’

कंडक्टर चष्मा पुसायला लागले.

‘तिकीट चुकीचं तुम्ही फाडायचं आणि दोष ड्रायव्हरला? निघा!’

घरी आल्यावर थोरलीनं आणखी मीठ चोळलं. ‘अहो, टाकी इथे नि चंद्र कुठे! जवळचं बघायला नळी बाहेर ओढता, लांबचं बघायला आत ढकलता, रोज बघते मी.’ माप जवळच्या टाकीचं. चंद्रासाठी आणखी बोटभर कापायला हवं. म्हणजे पुन्हा तीच करवत, तोच माणूस.

थोरलीबरोबर धाकट्यांनी निरोप पाठवला. ‘जिथे बोललात, तिथेच बोला. जिन्यात. मी सरळ कापतो म्हणून. मग कापतो. नाहीतर त्यात छत्र्या ठेवा.’

दुर्बीण कपाटावर पडून राहिली. कंडक्टर तिच्याखालून येता-जाता कपाटाचं दार आपटायचे. थोरलीवर खेकसायचे, जेवण अर्धं टाकायचे. शेवटी एका दुपारी, सगळी बिल्डिंग कामावर गेलेली असताना, ते दार उघडून जिन्यात आले. वर बघितलं, खाली वाकून बघितलं. मी तळमजल्यावरची, आपली खालच्या पायरीवर वाटाणे सोलत होते, कठड्याआड. त्यांना दिसले नाही. मग शिवी घातल्यासारखे पुटपुटले, ‘सरळ कापतो तो. काय करायचंय ते करा.’ आणि धाडकन दार लावलं.

ती खिडकी अजून अडते, हे मला माहीत आहे. पण तो विषय नव्हता.

थोरलीनं ‘बोलले’ म्हणून कळवलं, तर आता धाकटे म्हणतात, ‘रिकाम्या जिन्यात बोलले, कुणी ऐकलं? भिंतींनी?’ आणि माझे गुडघे दुकानापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा हा लिहिलेला कागद घेऊन तूच जा. थोरलीकडून नळकांडं घे, या वेळी रेघ तिनं चंद्र बघून ओढली आहे. धाकट्यांच्या हातात दे आणि सांग, सासूबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आता कापा. आणि म्हणावं, आभाराची वाट बघत बसू नका, ते काही यायचे नाहीत.