'ऐकणे'ची खूण

आत्या शिंप्याच्या दुकानात काजं करायची. चाळीस वर्षं तेच काम, त्यामुळे बोटं अशी चपळ की बघणाऱ्याची नजर मागे पडे. माझे वडील, तिचा धाकटा भाऊ, जन्मापासून बहिरे. त्यांच्यासाठी ती खुणांची भाषा शिकली. पुढे प्रार्थनेच्या दिवशी प्रार्थनागृहात गुरुजी धर्मग्रंथ वाचत, तेव्हा बाजूला उभी राहून पहिल्या बाकावरच्या सात बहिऱ्यांना तो हातांनी सांगू लागली.

एकदा ओळ आली, 'जो ऐकेल, तोच तरेल.' आत्याचा हात कानाकडे गेला आणि अडला. वडिलांनी खुणेनं विचारलं, "मग आमचं काय?" आत्यानं हात खाली आणून छातीवर ठेवला. जो मनावर घेईल, तोच तरेल.

प्रार्थनागृहाच्या विश्वस्तांच्या नजरेतून ते सुटलं नाही. वाचन संपल्यावर त्यांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. गुरुजीही होते.

"ग्रंथातला शब्द बदलायचा अधिकार तुला कोणी दिला?" विश्वस्त म्हणाले.

"बदलला कुठे, दादा? तुमच्या सूनबाई म्हणतात ना, पोरगा ऐकत नाही? तेव्हा त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेता का?"

गुरुजी हसू दाबत कपाटाकडे वळले आणि दोन जुनी पुस्तकं काढली. "माझ्या गुरूंचे गुरू इथे 'राजाची आज्ञा पाळा' असा अर्थ लावतात. ते राजाच्या पदरी होते. हे दुसरं समुद्रापलीकडचं. लिहिणारा मौन पाळायचा, म्हणून म्हणतो, 'गप्प राहा.' शब्द तोच."

"मग खरा अर्थ कोणता?" विश्वस्तांनी विचारलं.

"तो एकदाच कळला असता, तर इतकी पुस्तकं कशाला झाली असती?"

विश्वस्तांना पटलं नाही. त्यांनी आत्याला आत खुणा करायला बंदी घातली. तिच्या जागी मी असते तर थयथयाट केला असता. ती पुढच्या आठवड्यात सातही जणांना घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसली, आणि उघड्या दारातून ऐकू येईल ते सांगू लागली. सहाव्या आठवड्यात गुरुजींनी आपली खुर्ची उचलून दारात आणली आणि तिथूनच वाचायला लागले. आतल्या मंडळींना माना वळवाव्या लागल्या. शेवटी विश्वस्त स्वतःच पायऱ्यांवर आले नि म्हणाले, "आत चला, बाई."

मग गुरुजी दर मंगळवारी दुकानात येऊन खुणा शिकू लागले. 'क्षमा' आत्या मूठ उघडून दाखवायची. वडिलांचं म्हणणं, समोरच्याचा हात हातात घेतल्याशिवाय क्षमा कसली? भावंडं तासन्‌तास वाद घालत, गुरुजी दोघांचंही वहीत उतरवून घेत. आत्या गेली तेव्हा चौथी वही चालू होती.