छबुबाईंच्या ओव्यांची फ्लॉपी

नेकनूरच्या पेठेत अभिमन्यू सरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीसेक वर्षांपूर्वी तिथंच त्यांचा क्लास चालायचा. तेव्हा छबुबाई एक वही घेऊन आल्या होत्या. लेकीनं, मंगलनं, आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या दोनशे ओव्या. सरांनी त्या स्वतः टाइप करून फ्लॉपीवर घातल्या. वर म्हणाले, "आता वहीची काळजी नको. हे कायमचं झालं." पुढं घरची सगळी ऊसतोडीला गेली, तेव्हा बंद घरात वही वाळवीनं खाल्ली.

परवा मंगल ती फ्लॉपी घेऊन आली. आईचं तेरावं नुकतंच झालं होतं.

"सर, आईच्या ओव्या छापायच्यात. ह्याच्यातच हायत समद्या."

सरांनी माळ्यावरून जुनं, लिनक्सवालं मशीन उतरवलं. त्यात फ्लॉपीचा ड्राइव्ह ज्या नावानं दिसतो, ती /dev/fd0 ही फाइलच दिसेना. ड्राइव्ह चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, हातानं चढवला, तेव्हा ती उमटली. पण ड्राइव्हचा दिवा विझायचं नाव घेईना. केबल उलटी लागली होती, ती सुलटी केली. मग छबुबाईंची फ्लॉपी घालून ती माउंट करायला, म्हणजे उघडायला गेले तर ड्राइव्ह नुसता करकरला आणि पडद्यावर वाचता येत नसल्याची ओळ आली. दुसरी एक फ्लॉपी घातली, ती मात्र पटकन उघडली. म्हणजे मशीन ठीक होतं. छबुबाईंच्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं, तर आतल्या तबकडीवर बुरशी चढली होती.

हळूच पुसून, खराब जागा सोडून उरलेलं उतरवून घ्यायचा त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला. हाती आलं ते फाइलचं नाव. पुढं सगळी शून्यं.

मंगल पुन्हा आली तेव्हा सरांनी तिला खुर्ची दिली.

"काहीच निघालं नाही, मंगल. माझी चूक झाली. कागदावर काढून द्यायला हवं होतं."

"येकबी न्हाई? पण तुमीच टाइप केल्यात्या की. येखादी तरी ध्यानात असंल."

सरांनी खूप आठवून पाहिलं. सारखी जाणारी लाइट आठवली, छबुबाईंचं बाकावर बसून राहणं आठवलं. ओवीतला एक शब्द आठवला नाही.

"तुला किती येतात?"

"चार."

सरांनी कागद ओढला. मंगलनं तीन सांगितल्या. चौथी दुसऱ्या ओळीत अडली. ती बराच वेळ ओठ हलवत बसली, मग पिशवी उचलून गाडीला निघून गेली.