कुंपणाकडची जागा

"कुणाचं काही म्हणणं?" असं म्हणून त्याने अंगठ्याने टोपी मागे सारली आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघंच म्हातारे पुलाजवळच्या गटाराच्या जाळीवर साचलेली पानं दंताळ्याने ओढत होतो. काळी पडलेली, ओली, वास मारणारी पानं. कुणी बोलत नाही अशी खात्री करून तो म्हणाला, "मग मंजूर," आणि वाकून जाळी उचलली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. संध्याकाळी तो गेला.

गटार साफ करायलाही मंजुरी घेणारा असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. हा आमचा शेजारी आणि आमच्या गावच्या कौन्सिलचा चेअरमन होता. गाव पेनसिल्व्हेनियातलं, डोंगराला टेकलेलं, एवढंसं. शाळेच्या पाटीचा दगड निघायचा त्या जुन्या खाणी आजूबाजूला. त्याचे आजोबा वेल्स नावाच्या मुलखातून त्या खाणीत कामाला आले होते. तिकडेही गावोगाव अशीच कौन्सिलं असतात म्हणे, आणि तिथेही लोक गटारावरूनच भांडतात. हे तो अभिमानाने सांगायचा.

कौन्सिल म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत समजा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी फायर स्टेशनच्या वरच्या हॉलमध्ये बसायचं आणि कुणाच्या कुत्र्याने कुठे घाण केली, मैदानातला झोपाळा का करकरतो, बर्फ पडला की तो वितळायला चढावर मीठ कुणी टाकायचं, यावर बोलायचं. मी आणि ही, आम्ही घरात त्याला सरपंच म्हणायचो. ही म्हणजे माझी बायको.

सरळ सांगतो, मला तो माणूस आवडायचा नाही. तुम्ही म्हणाल, चांगला माणूस होता. होता ना. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

ही नर्स म्हणून अमेरिकेत आली आणि मी तिच्यामागून नवरा म्हणून आलो. माझं शिक्षण चौथी. शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीवर लागलो तो म्हातारा होईपर्यंत तिथेच. गाडी कधी शिकलो नाही. कारखाना, घर, दुकान, सगळीकडे पायी. ही हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून यायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिवा नव्हता. एकदा बर्फावरून पडली, मनगट सुजलं, आणि तशीच त्या सोमवारी कौन्सिलसमोर जाऊन उभी राहिली. दिवा मागायला गेली होती. सरपंचाने टोपी मागे सारून विचारलं, "कुणाचं काही म्हणणं?" कुणी काही म्हणालं नाही. मग तिला म्हणाला, "खुर्ची घ्या. पुढचा विषयही ऐकून जा."

ती बसली ती बसलीच. पुढे लोकांनी मतं देऊन तिला कौन्सिलच्या सातांतली एक केली.

दिवा लागला. तो माझ्या खिडकीत यायचा. सोमवारी त्या दिव्याखाली सरपंचाचा ट्रक येऊन थांबायचा. फायर स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी याला ट्रक लागायचा. ही नवी शाल घेऊन निघायची. परत यायची तेव्हा ट्रकचं दार उघडायच्या आधी तिचं हसणं ऐकू यायचं.

"काय झालं एवढं हसायला?" मी विचारायचो.

"काही नाही हो. कुत्र्यांचं होतं."

मग मला न्हाव्याकडे कळायचं. न्हावी कात्री थांबवून म्हणायचा, काय बोलते तुमची बायको, पोट दुखलं आमचं. काय बोलली होती, तर कुत्र्याच्या मालकाला दंड नको, त्याच्या दारात कुत्र्याच्या नावाची पाटी लावा, लाज वाटली तर उचलेल. सगळं गाव हसून झालं आणि मी न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती फडकं घेऊन शिळं हसलो. घरी आल्यावर तिला म्हटलं, "तिकडे बोलतेस ते इकडे का नाही बोलत?"

ती भाजी चिरत होती. म्हणाली, "इकडे कौन्सिल कुठे आहे? इकडे तुम्ही एकटेच चेअरमन."

आणि तो तिला सू म्हणायचा. तिचं नाव सुमन. उभ्या संसारात मी तिला नावाने हाक मारली नाही. आमच्याकडे पद्धत नव्हती. अगं म्हणायचो, ऐकलंस का म्हणायचो, फारच दूर असली तर नुसता खोकायचो. आणि हा परका माणूस कुंपणापलीकडून भर दुपारी "सू!" म्हणून ओरडायचा, आणि ती लगबगीने जायची. माझ्या खोकल्याला कधी एवढ्या लगबगीने आली नाही.

त्याने लग्न केलेलं नव्हतं. आईला सांभाळता सांभाळता राहून गेलं म्हणायचा. तेही मला बोचायचं. त्याला बायको असती तर माझा अर्धा ताप तिने वाटून घेतला असता.

ही आजारी पडली तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये यायचा. डॉक्टर काहीतरी लांबलचक सांगून गप्प झाले की हा कोपऱ्यातून विचारायचा, "कुणाचं काही म्हणणं?" आणि ही, नाकात नळी असताना, हसायची. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तिचे पाय दाबत बसलेलो. पाय माझ्याकडे आणि हसू त्याच्याकडे, अशी वाटणी मला तिथेही दिसायची.

ती गेली तेव्हा तो रडला. टोपी तोंडावर धरून, लहान पोरासारखा, सगळ्यांसमोर. मला रडू आलं नाही. हॉलमध्ये लोक आले ते आधी त्याचा हात धरायचे आणि मग माझा. माझी मुलगी सांता क्लाराहून आली होती. ती म्हणाली, "बाबा, लेट इट गो. आईचा फ्रेंड होता तो." मी म्हटलं, "आणि मी कोण होतो?" मराठीत सांगायला तिला शब्द नव्हता, आणि इंग्रजीत सांगितला असता तर मला कळला नसता.

काही दिवसांनी तो चहा घेऊन आला. थर्मास होता, दोन कप. एक घोट घेतला, कडू जहर. म्हटलं, साखर विसरलास. तो म्हणाला, "सू बिनसाखरेचाच प्यायची ना. मला तिनेच सवय लावली."

आमच्या घरी चहा मी करायचो. एकाच पातेल्यात, भरपूर साखर घालून. ती प्यायची. एवढी वर्षं प्यायली. नको असं एका शब्दाने म्हणाली नाही. मी तो कडू चहा त्याच्यासमोर संपवला, आणि तो गेल्यावर कप मोरीत आपटला.

पण खरा घाव पुढेच होता. तिची राख मी कृष्णेत सोडणार होतो. डबा कपाटात ठेवला होता, तिच्या सुती पातळात गुंडाळून. तिकिटाचं मुलगी बघणार होती. तर सरपंच कुंपणाशी येऊन म्हणतो, "शेजारी, सूसाठी जागा टेकडीवर ठरली आहे."

टेकडीवर गावचं कब्रस्तान. तेही कौन्सिलच्याच ताब्यात. तिथे आधी नुसत्या पेट्या पुरायचे, राखेला परवानगी नव्हती. हिने जिवंतपणी विषय मांडून तो नियम बदलून घेतला होता. स्वतःसाठी. सातही जणांनी हात वर केले होते. मुलीला माहीत होतं, न्हाव्यालाही असणार, मला नव्हतं.

मी जागा बघायला गेलो. शेवटची ओळ. सरपंचाची आई, तिच्या शेजारी सरपंचासाठी राखलेली मोकळी जागा, तिला लागून हिची, आणि मग कुंपण.

म्हणजे मेल्यावरही हाच शेजारी.

मी त्याला सांगितलं, जमणार नाही. तो रागावला नाही. टोपी मागे सारली, म्हणाला, "मग पुढच्या सोमवारी बघू." त्या दिवसापासून हा विषय दर महिन्याला मीटिंगमध्ये यायचा आणि दर महिन्याला पुढे ढकलला जायचा. मीटिंगच्या सकाळी तो कुंपणाशी येणार, "या सोमवारी?" म्हणणार, मी "नाही" म्हणणार, तो "बरं" म्हणून जाणार. माझ्या बायकोच्या राखेवर सहा माणसं गंभीर तोंडाने हात वर करून बसायची. सातवी खुर्ची रिकामी. त्यांनी ती भरली नव्हती. या सगळ्यात वर्ष उलटलं. डबा कपाटात. मी रोज कपाट उघडायचो आणि लावायचो.

मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, कम लिव्ह विथ अस." मी म्हणायचो, आधी हिचं ठरू दे.

त्या शेवटच्या दुपारी जाळी उचलून झाली, पाणी धडधडत खाली गेलं, आणि आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो. तो धापा टाकत होता. मला वाटलं, कामाने.

तो म्हणाला, "शेजारी, मी माझी जागा सोडतो. ती तू घे. सू आणि तू शेजारी शेजारी. मी पलीकडे जातो, गवत कापायचं मशीन ठेवतात त्या शेडजवळ. खणणाऱ्याला सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, "आणि तुझी आई?"

"आई काही म्हणायची नाही. ती कधीच काही म्हणायची नाही."

मला त्याचाही राग आला. आता हा मोठा होणार, जागा दान देऊन. मी विचारलं, जे वर्षभर घशात अडकलं होतं ते. "तिने तुला का सांगितलं? मला का नाही?"

तो मग सावकाश बोलला. माझ्याशी तो नेहमी सावकाश बोलायचा, मला कळावं म्हणून. "मी पण विचारलं होतं तिला. म्हटलं, तुमची नदी आहे ना? तर म्हणाली, त्याला ड्राइव्ह येत नाही. नदी फार लांब आहे. टेकडीवर तो पायी येऊ शकेल."

मी दंताळ्यात अडकलेलं एक पान काढून खाली टाकलं.

"तुला सांगितलं असतं तर तू तिला मरणाबद्दल बोलूच दिलं नसतंस," तो म्हणाला. "म्हणून आधी नियम बदलून घेतला. तुला सांगायचं काम माझ्याकडे. मला ते नीट जमलं नाही."

नाही जमलं. वर्ष घेतलं त्याने. पण मी तरी कुठे विचारलं होतं? आम्ही दंताळी खांद्यावर टाकून घरी आलो. त्याच्या फाटकाशी तो "बरं मग" म्हणाला आणि आत गेला. संध्याकाळी पोस्टातली बाई त्याच्याकडे सफरचंदाचा पाय नावाचा गोड पदार्थ द्यायला गेली, तेव्हा तो खुर्चीत बसलेलाच होता. टोपी डोक्यावर.

सकाळी मी डबा घेतला आणि टेकडी चढलो. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. गावचा एकच नोकर आहे, बर्फ तोच लोटतो, गवत तोच कापतो, खड्डेही तोच खणतो. तो शेडजवळ खुंट्या ठोकून दोरी ताणत होता.

मी म्हटलं, "उपट त्या."

"चेअरमननेच सांगितलं होतं."

"मी सांगतो, उपट. त्याला त्याच्या आईशेजारी घाल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि खुंट्या उपटल्या. ओळीत येऊन त्याने सरपंचाची जागा आखली. मी त्याच्याकडून फावडं मागून घेतलं आणि हिच्या जागेत अगदी कडेला, कुंपणाला लागून, खड्डा खणला. जमीन कडक होती. तो मदतीला आला, मी नको म्हटलं. पातळासकट तिला आत ठेवलं. चिमूटभर घरी डबीत ठेवली आहे, मुलगी देशी जाईल तेव्हा कृष्णेत सोडेल. माती ओढली. मग मी म्हटलं, "सुमन." कसंतरीच वाटलं. दुसऱ्या कुणाच्या बायकोला हाक मारल्यासारखं. पुन्हा एकदा म्हटलं.

मग तिच्या आणि त्या दोरीच्या मध्ये मी आडवा झालो. पाठीला गार लागलं. उजवा हात तिच्या मातीला लागत होता आणि डावा दोरीला.

नोकर वरून बघत होता. म्हणाला, "तुमच्यात जाळतात ना? मग एवढी जागा कशाला?"

"लागते," मी म्हटलं. "दोरी वीतभर तिकडे सरकव."