सुरमईसारखी बांधलेली माती

माझी लेक मालवणच्या मराठी शाळेतून थेट दोह्याच्या इंग्रजी शाळेत आली आणि गप्प झाली. घरी नुसती बडबड, वर्गात मात्र तोंडाला कुलूप. आठ महिने बाई मला एकच सांगत होत्या, "तिला बोलतं करा." जसा काही नळ होता आणि मी तो बंद करून ठेवला होता!

मग विज्ञानाचा दिवस आला. प्रत्येकाने पालकांसमोर एक प्रयोग करून पाच मिनिटं बोलायचं. ज्वालामुखी आणि सूर्यमाला हुशार मुलांनी पळवली. हिच्या वाट्याला उरली उत्तर ध्रुवाकडची कायम गोठलेली जमीन, आणि हवा तापली की ती कशी वितळते. आम्हा मायलेकींना बर्फ ठाऊक तो फक्त माशांवरचा.

तरी तिने पुस्तक वाचून सगळं ठरवलं. केकच्या ट्रेमध्ये कुंडीतली ओली माती दाबून भरली, वर काडेपेटीचं घर बसवलं आणि ट्रे दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला. ती बोलत असताना वरची माती मऊ होणार आणि घर कलणार होतं.

मला काळजी एकच. आम्ही राहायचो दोह्याबाहेर, अल खोरला, शाळेचा रस्ता पाऊण तासाचा, एप्रिलचं ऊन. वाटेतच चिखल झाला तर पोर उभी राहून दाखवणार काय? आधीच बोलत नाही, त्यात हसं झालं असतं तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

आम्ही यायच्या आधी नवरा इथे चार वर्षं एकटा होता. दर सुट्टीनंतर मी त्याला मालवणची सुरमई गोठवून बांधून द्यायचे. वर्तमानपत्राच्या आठ घड्या, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुना टॉवेल, मग थर्माकोलचा डबा. घरापासून इथल्या फ्रीझरपर्यंत थेंबभर पाणी सुटायचं नाही, याचा मला भलता अभिमान. मातीही तशीच बांधली. गाडीत एसी फुल्ल. नवरा कामावर जाताना म्हणाला होता, "अगं, वितळायलाच न्यायचीय ना ती?" मी त्याला उडवून लावलं.

तिचा नंबर आला. ट्रे टेबलावर. काडी टोचली तर काडी मोडली. वर्गातही एसी कडक. दोन मिनिटं झाली, तीन झाली. माती दगड ती दगडच, घर ताठ. ती नुसती मातीकडे बघत उभी. मागच्या बाकावर मी स्वतःला शिव्या घालत होते. तिचे डोळे भरले असते तर मी उठून तिला सरळ घरी नेणार होते.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हे वितळत नाही, कारण माझ्या आईने हे माशासारखं बांधलं."

सगळा वर्ग खो खो हसला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण हीसुद्धा हसत होती. "बाहेर चला," म्हणाली, आणि ट्रे उचलून चालू लागली. अख्खा वर्ग तिच्यामागे अंगणातल्या उन्हात.

तिथे बाकावर ठेवल्यावर मातीने थोड्या वेळात रंग बदलला. वर पाणी सुटलं, घर एका बाजूला बसलं. ती एकेकाला काडी टोचायला लावू लागली. वर मऊ, खाली अजून दगड; म्हणून पाणी खाली मुरत नाही, वरच चिखल होतो, म्हणून तिकडची घरं वाकडी होतात. व्याकरण चुकत होतं आणि तिला त्याची फिकीर नव्हती. कुणी काही विचारलं की उत्तर तयार. पाच मिनिटं कधीच संपली होती. मुलं चिखलात बोटं घालत होती आणि ही बोलतच होती.

शेवटी बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "इनफ, बाळा, आता दुसऱ्यांनाही बोलू दे."

आठ महिने मी त्या बाईंचं बोलणं खाली मान घालून ऐकलं होतं. ते "इनफ" मात्र मी ताठ मानेने ऐकलं.