पुकारा केला, कोणी नाही

लांबलचक, अरुंद बोळ. डाव्या हाताला भिंतीला टेकलेली लाकडी बाकं, माणसांनी बसून बसून मध्ये खोलगट झालेली. उजव्या हाताला दोन फळ्यांचं उंच दार, त्यातली एक फळी कायमची बंद. छताजवळ एकच खिडकी. तिच्यातून आलेला उजेड बाकांच्या पायांशी पोचतो आणि तिथेच बसून राहतो, जणू त्यालाही आजचीच तारीख मिळाली आहे. बाकांवर माणसं. कोणी मांडीवर पिशवी आवळून, कोणी वकिलाच्या वाटेकडे डोळे लावून. खोकला, कुजबुज, चपलांची चुळबुळ. मग दाराची उघडी फळी हलते. आधी बाहेर येतं पोट, त्यामागून छाती, छातीवर तिरका पट्टा, आणि सगळ्यात शेवटी, राजाने सावकाश प्रवेश करावा तसा, चेहरा.

बोळ चिडीचूप होतो. भोंगा आलेला असतो.

कोर्टात पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, ही त्याची नोकरी. नाव तीनदा घ्यायचं, मध्ये जरा थांबायचं. तिसऱ्या हाकेलाही कोणी पुढे आलं नाही, तर आत जाऊन सांगायचं, "पुकारा केला, कोणी नाही." एवढं वाक्य पडलं की समोरच्या कागदाची वासलात लागायची. या चार शब्दांनी किती जणांच्या जमिनी गेल्या, किती जणांचे संसार लटकले, याचा हिशोब भोंग्याने कधी ठेवला नाही. तो आपला गळा सांभाळायचा. सकाळी कोमट पाणी, थंडीत गळ्याला मफलर, आणि दुपारपर्यंत कोणाशी वाद नाही. वादाला आवाज लागतो, आणि आवाज कोर्टाचा आहे, असं तो म्हणायचा.

बाकावर बसूनही ज्यांना आपलं नाव ऐकू येत नाही, अशा लोकांचा त्याला मनस्वी राग. धापा टाकत, उशिरा दाराशी आलेल्या माणसाला तो वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि विचारायचा, "कान घरी खुंटीला टांगून आलात का?"

तर असा हा भोंगा उतारवयाकडे झुकत असताना बाप व्हायला निघाला.

त्याची बायको शाळेत शिवण शिकवायची. बोलणं कमी, पण जे बोलेल ते टाका घातल्यासारखं पक्कं. मूल दत्तक घ्यायचं हे तिनेच ठरवलं आणि नवऱ्याला जेवता जेवता सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय, कोर्ट घरचंच आहे." याहून चुकीचं वाक्य त्याने आयुष्यात दुसरं एकदाच उच्चारलं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

कोर्ट घरचं असलं तरी कायदा घरचा नसतो. लग्नाचा दाखला झाला, पगाराचा झाला, पोलिसांकडचा झाला. छाती, डोळे, दात, सगळं तपासून झालं. भोंग्याचा थोरला भाऊ हे बघून पोट धरून हसला. "अरे, मला चार पोरं झाली. एकदाही कोणी येऊन माझे दात मोजले नाहीत."

"मोजायला हवे होते," भोंग्याची बायको म्हणाली. "निदान दुसऱ्याच्या वेळी तरी."

मग संस्थेकडून पाहणीबाई आल्या. घर बघितलं, मोरी बघितली, खिडकीचे गज हलवून बघितले. विचारलं, "घरात मोठ्या आवाजात बोलणं होतं का?"

"कोण बोलतं मोठ्या आवाजात?" भोंग्याने विचारलं, आणि फडताळातली भांडी थरथरली.

"ह्यांच्याकडे लहान आवाज नाहीच," बायको म्हणाली. "पण रागाचा कुठला आणि मायेचा कुठला, ते पोराला कळेल. मला कळायला दोन वर्षं लागली, पोरं हुशार असतात."

पाहणीबाईंनी हसू दाबलं, आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर मुलगी आली. तीन वर्षांची, बारीक, गप्प. आल्या आल्या तिने शिवणाच्या डब्यातलं एक मोठं काळं बटण उचललं आणि मुठीत धरलं, ते झोपेतही सोडलं नाही. तेव्हापासून तिचं नाव पडलं बटण. कायद्याने ती अजून त्यांची नव्हती. आधी सांभाळायला द्यायचं, कोर्टाचा हुकूम झाला की मग आई-बाप म्हणायचं, अशी रीत. तोवर तिची मालकी संस्थेकडे आणि मुक्काम भोंग्याच्या खांद्यावर.

ती बोलायची नाही आणि हाक मारली तर यायची नाही. भोंग्याने यावर आपल्या धंद्यातला उपाय काढला. जेवणाची वेळ झाली की तो स्वयंपाकघराच्या दारात छाती काढून उभा राहायचा आणि पुकारा करायचा, "बटणबाई, हाजिर हो!" पहिल्या हाकेला पलंगाखाली शांतता. दुसऱ्या हाकेला खुसखुस. तिसऱ्या हाकेला ती बाहेर यायची, सरळ उभी राहायची आणि म्हणायची, "हजर." तिचा या घरातला पहिला शब्द तोच. कितीही भूक लागलेली असो, तिसऱ्या हाकेच्या आधी ती हलायची नाही. कामकाजाची पद्धत तिने भोंग्यापेक्षाही कडक पाळली.

हुकुमाची तारीख लागली. वकीलसाहेबांनी सांगितलं, "भोंगाभाऊ, त्या दिवशी रजा टाका. तुम्ही अर्जदार आहात."

रजा टाकली तर पुकारा कोण करणार? बदली शिपाई. त्याला सगळे ओली काडी म्हणायचे, कारण कितीही घासलं तरी त्याच्या आवाजाची ठिणगी पडत नसे. "माझ्या मुलीचं नाव ती ओली काडी पुकारणार?" भोंगा म्हणाला. "शेजारच्या बाकाला ऐकू जायचं नाही. आम्ही बसून राहू आणि आत कोणीतरी सांगेल, कोणी नाही. नको. मी पुकारीन, बायको मुलीला घेऊन पुढे येईल, मीही आत जाऊन उभा राहीन. चोख काम."

तारखेच्या दिवशी काम चोख झालं, यात शंका नाही.

न्यायाधीशबाई नव्याने बदलून आलेल्या. मुलांना ताटकळत ठेवू नये म्हणून दत्तकाचे अर्ज त्यांनी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी घेतले. माणुसकीचाच विचार तो. त्याच वेळी वकीलसाहेब शेजारच्या कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडत होते आणि बायको बटणला घेऊन खाली नळावर गेली होती. लेखनिकाने नाव वाचून दाखवलं. भोंगा बाहेर आला. पोट, छाती, पट्टा, चेहरा. आणि आडनावापासून सुरू होणारं, बापाच्या नावासकट लांबलचक, सरकारी नाव त्याने बोळात सोडलं. नंतर बायकोचं.

इतकी वर्षं नावं त्याच्या कानातून थेट गळ्यात जात आली होती, वाटेत डोकं लागतच नव्हतं. त्यात त्याला त्या पूर्ण नावाने कोणी हाक मारून किती काळ लोटला होता. लहानपणी मास्तरांनी मारली असेल तेवढीच. पहिली हाक, दुसरी हाक, तिसरी. बोळाच्या टोकाला कबुतर उडालं, बाकी कोणी हललं नाही. भोंग्याने बाकांवरून तुच्छतेने नजर फिरवली. लोक मुलं घ्यायला निघतात आणि तारखेला येत नाहीत.

आत जाऊन तो म्हणाला, "पुकारा केला, कोणी नाही."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली आणि लिहिलं, अर्ज निकाली. त्या त्याला भोंगा म्हणूनच ओळखत होत्या.

पुढची दोन नावं पुकारून तो दाराशी टेकला, तेवढ्यात जिन्यावरून बायको आली. बटणचे हात ओले, बायकोच्या कपाळावर घाम.

"अहो, आपला नंबर झाला का?"

"अजून कुठे," भोंगा म्हणाला. मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. इतकी वर्षं ते तोंड उघडं असताना आवाज आला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तरीही त्यांना वेगळं काही दिसेना.

"नवा अर्ज करा," बायको म्हणाली.

"वहिनी, नव्या अर्जात तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज नव्याने होईल. इतक्या लहान मुलीसाठी ती ठरावीक आकड्याच्या आत लागते. जुना अर्ज केला तेव्हा होती, आता नाही. नवा अर्ज म्हणजे मुलगी परत संस्थेत. जुनाच जिवंत करायला हवा."

"मग करा जिवंत."

"त्यासाठी कोर्टाला कारण द्यावं लागतं. काय देऊ? अर्जदार गैरहजर होते म्हणू, तर कुठे होते? कोर्टात होते. हजर होते म्हणू, तर मग 'कोणी नाही' असं खोटं कोर्टाला कोणी सांगितलं? यांनीच. पहिल्यात मुलगी जाते, दुसऱ्यात नोकरी."

"खरं काय ते सांगा ना," बायको म्हणाली.

"अहो, खरं काय तेच मी मघापासून विचारतोय."

पाहणीबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी गज हलवले नाहीत. "वडील नेहमीच असे विसराळू आहेत का, हे मला लिहावं लागेल," एवढं म्हणाल्या. भोंगा पलंगाच्या कडेवर बसून होता. त्या दिवशी त्याने जेवणाचा पुकाराही केला नाही. बटण पलंगाखाली वाट बघत राहिली. मग आपणच बाहेर आली, संस्थेतून येताना आणलेली पिशवी तिने खुंटीवरून काढली, काळं बटण तिच्यात टाकलं आणि पिशवी उशाशी ठेवली. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं.

पाहणीबाईंनी ते पाहिलं. बायकोनेही पाहिलं आणि ती उठून नवऱ्यापुढे उभी राहिली. "पुकारा करा," ती म्हणाली. "मुलगी उपाशी आहे."

भोंग्याने केला. आवाज फाटका निघाला, पण तीनदा निघाला. तिसऱ्या हाकेला "हजर" आलं. पाहणीबाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि त्या गेल्या.

जुना अर्ज जिवंत करायच्या सुनावणीला भोंग्याने रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या बोळातल्या बाकावर बसला. बसल्यावर त्याला बऱ्याच गोष्टी कळल्या. एक म्हणजे बाकाच्या खोलगट भागात बसलं की उठायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे छत इतकं उंच आहे, की नावं आधी तिकडे जातात आणि खाली येईपर्यंत त्यांचा भुगा होतो. आणि तिसरं, वर्षानुवर्षं स्वतःचाच आवाज जवळून ऐकून त्याचे कान कामातून गेले होते. हे बायकोला केव्हापासून माहीत होतं, पण ती नवऱ्याच्या नोकरीच्या काळजीने बोलली नव्हती.

"तो बदली शिपाई आला की मला सांग," भोंगा म्हणाला.

"मी दाराकडेच बघतेय."

"दाराकडे नको, तोंडाकडे बघ. त्याचं तोंड हललं तर पुकारा, नाही हललं तर जांभई."

"अहो, हळू बोला, तुमच्यामुळे ऐकू येत नाहीये."

"मी हळूच बोलतोय."

ही चर्चा चालू असताना ओली काडी बाहेर आली होती आणि दोनदा घासून झाली होती. पहिली हाक दोघांपैकी कोणालाच कळली नाही, दुसरी भोंग्याच्या हळू बोलण्याखाली चिरडली. तिसऱ्या हाकेला मधोमध बसलेली बटण बाकावरून खाली सरकली, फ्रॉक नीट केला, "हजर" म्हणाली आणि उघड्या फळीतून सरळ आत चालू लागली. तिला पहिल्या हाकेपासून ऐकू येत होतं. पण पद्धत म्हणजे पद्धत.

मुलीमागे बायको धावली. बायकोमागे, खोलगट बाकातून स्वतःला उपटून, भोंगा.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. अर्ज जिवंत झाला आणि त्याच बैठकीत मंजूरही झाला. पाहणीबाईंच्या टिपणात विसराळूपणाबद्दल अक्षर नव्हतं. 'मुलगी हाकेला येते' एवढंच होतं, आणि ते न्यायाधीशबाईंनी दोनदा वाचलं. भोंग्याच्या नोकरीच्या कागदांत मात्र एक ठपका बसला, 'स्वतःचे नाव ओळखण्यात हयगय'. तो त्याने निवृत्तीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगितला. कान कुठे टांगलेत, हे मात्र पुन्हा कोणाला विचारलं नाही. तिसऱ्या हाकेनंतर तो बाकांच्या कडेकडेने एक फेरी मारायचा आणि मगच आत जायचा.

पण हे सगळं नंतरचं. निकालाआधी, पट्टा नसलेला भोंगा साध्या सदऱ्यात न्यायाधीशबाईंपुढे उभा होता. एका हाताला बायको, दुसऱ्या हाताच्या मुठीत बटणची मूठ, आणि त्या मुठीत काळं बटण. वकीलसाहेबांनी दोन्ही बाजूंनी सुरुवात करून पाहिली आणि दोन्हीकडे अडखळले. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"तुम्हीच सांगा," त्या भोंग्याला म्हणाल्या. "गेल्या तारखेला तुम्ही या कोर्टात होता?"

"होतो, बाईसाहेब."

"आणि कोणी नाही असं तुम्हीच मला सांगितलंत?"

"मीच सांगितलं."

"दोन्ही कसं खरं असेल?"

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, बोला म्हणून.

"पुकारणारा हजर होता, बाईसाहेब. बाप गैरहजर होता."

वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. एका वाक्यात मुलगी आणि नोकरी, दोन्ही टेबलावर ठेवून मोकळा झाला होता हा माणूस. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि त्याच्याकडे, त्याच्या मुठीकडे, आणि त्या मुठीला लोंबकळून पायांची अदलाबदल करणाऱ्या मुलीकडे पाहिलं.

"आणि आज?" त्यांनी विचारलं.

भोंग्याने श्वास घेतला. सवयीने छाती पुढे आली, आणि शेजारून बायकोचं कोपर लागलं तशी मागे गेली. मग इतक्या वर्षांत त्या दालनाने त्याच्याकडून कधीच ऐकला नव्हता, अशा आवाजात, लेखनिकालाही पुढे वाकून ऐकावं लागेल इतक्या हळू, तो म्हणाला,

"आज पुकारणारा रजेवर आहे."